लॅटिनचं 'सुम' रोजच्या वाक्यांत कसं वापरायचं (मराठीतून शिकणाऱ्यांसाठी)

लॅटिन सुरू केलं की पहिल्याच आठवड्यात जे क्रियापद भेटतं आणि मग शेवटपर्यंत पाठ सोडत नाही ते म्हणजे एस्से, आपलं 'असणे'; 'सुम' हे त्याचंच 'मी आहे' असं रूप. मी चार वर्षांपूर्वी नोकरी सांभाळून घरच्या घरी लॅटिन शिकायला घेतलं आणि ह्या एका क्रियापदावर तीन-चार महिने अडकले. कारण काय तर सगळी पुस्तकं इंग्रजीतून, त्यामुळे मनात वाक्य यायचं मराठीत, ते मी इंग्रजीत न्यायचे आणि तिथून लॅटिनमध्ये, आणि ह्या वळशात निम्म्या चुका व्हायच्या. एक दिवस कंटाळून इंग्रजी बाजूला ठेवलं, वहीत डावीकडे मराठी आणि उजवीकडे लॅटिन असं लिहायला लागले, आणि जे नियम मी घोकत होते त्यातले कितीतरी आपण घरात रोज पाळतोच आहोत हे दिसलं. म्हणून हे लिहितेय, तुमचे ते तीन-चार महिने वाचावेत म्हणून.

काय काय लागेल

- एक जाडशी वही, मधोमध रेघ मारलेली
- ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा दाखवणारा शब्दकोश. विक्शनरी चालेल, फुकट आहे, आणि प्रत्येक शब्दाची सगळी रूपं एका तक्त्यात मिळतात
- फोनमधला रेकॉर्डर
- शाळेतलं संस्कृत आठवत असेल तर उत्तमच, नसेल तरी अडत नाही

उच्चाराबद्दल आधीच सांगून टाकते. मी इथे जुन्या रोमन पद्धतीचा उच्चार देवनागरीत लिहितेय, त्यात सी ह्या अक्षराचा उच्चार कायम क होतो. चर्चमधला उच्चार वेगळा, तिथे काही ठिकाणी च येतो. वसईत किंवा गोव्यात ज्यांच्या आजी-आजोबांनी १९६०च्या दशकाआधीची लॅटिन मिस्सा ऐकलीय त्यांना प्रार्थनेतलं 'क्वी एस इन चेलिस' आठवत असेल, जुन्या रोमन उच्चारात तेच 'क्वी एस इन कैलीस' होईल. दोन्ही बरोबर आहेत, फक्त एक धरा आणि त्यावरच राहा. त्यातलं 'एस' म्हणजे आपलंच क्रियापद बरं का, 'जो तू आहेस'.

अजून एक, शब्दाच्या शेवटचा आ लांबवायचा असेल तिथे मी ऽ घातलाय. ही खूण शोभेची नाहीये, पुढे कळेलच.

१. सहा रूपं पाठ करा, पण संस्कृतच्या शेजारी ठेवून

सुम: (मी) आहे
एस: (तू) आहेस
एस्त: (तो, ती, ते) आहे
सुमुस: (आम्ही) आहोत
एस्तिस: (तुम्ही) आहात
सुन्त: (ते) आहेत

आता शाळेतलं आठवा. अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति. अस्ति आणि एस्त, सन्ति आणि सुन्त, हे कानाला लगेच कळतं ना? हा योगायोग नाही, दोन्ही भाषा एकाच जुन्या कुळातल्या, आणि १७८६ साली कलकत्त्यात तिथला न्यायाधीश विल्यम जोन्स याने हेच जाहीरपणे मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंत आणि व्याकरणात इतकं साम्य आहे की त्यांचा उगम एकच असला पाहिजे. मी तक्ता कोरडा घोकत होते तोवर रोज विसरायचे, अस्मि-असि शेजारी लिहिल्यावर दोन दिवसांत बसला.

२. मी, तू गाळा, आणि आदरार्थी तुम्ही विसरा

'मी घरी आहे' ला नुसतं दोमी सुम म्हणायचं. मी साठी एगो हा शब्द आहे, पण तो जोर द्यायचा असेल तेव्हाच, म्हणजे 'मी आहे ना घरी, तू कशाला काळजी करतेस' असं असेल तेव्हा. आपल्याकडे 'मी आहे' आणि 'तो आहे' एकसारखंच दिसतं म्हणून आपल्याला मी म्हणावंच लागतं, लॅटिनमध्ये सुम आणि एस्त वेगळे आहेत त्यामुळे गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट संस्कारांच्या आड येते. आपण सासऱ्यांना, सरांना, अनोळखी माणसाला तुम्ही म्हणतो, त्यामुळे हात आपोआप एस्तिसकडे जातो. जुन्या लॅटिनमध्ये समोर एकच माणूस असेल तर तू, मग तो कॉन्सल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) असो नाहीतर भाजीवाला. उबी एस? म्हणजे कुठे आहेस आणि कुठे आहात, दोन्ही. एस्तिस म्हटलं की समोर दोन किंवा जास्त माणसं आहेत असाच अर्थ होतो. मी कितीतरी दिवस एकेका माणसाला अख्खी पलटण समजून बोलत होते.

३. लिंग सांभाळा, इथे मराठी तुमच्या बाजूने आहे

हिंदी आणि फ्रेंच बोलणाऱ्यांकडे दोनच लिंगं, आपल्याकडे लॅटिनसारखी तीन. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं फळ: बोनुस पुएर, बोना पुएल्ला, बोनुम पोमुम. विशेषण बदलतं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

बोलणाऱ्याचं लिंगसुद्धा तसंच. पुरुष म्हणेल दमलोय, बाई म्हणेल दमलेय. लॅटिनमध्ये पुरुष फेस्सुस सुम, बाई फेस्सा सुम. क्रियापद तेच राहतं, विशेषण बदलतं. माझ्या पुस्तकातली उदाहरणं सगळी पुरुषांची होती आणि मी एका सरावाच्या ग्रुपवर कितीतरी आठवडे रोज रात्री फेस्सुस सुम लिहीत होते, शेवटी एका बाईंनी हळूच विचारलं तेव्हा कळलं. बायकांनी पहिल्या दिवसापासून स्वतःची रूपं स्वतंत्र पाठ करावीत: फेस्सा सुम, पराता सुम (तयार आहे), एग्रा नाही हं, ऐग्रा सुम (आजारी आहे), लैता सुम (आनंदात आहे).

सापळा इथे एकच, पण मोठा. लिंगं तीन असली तरी वस्तूंची वाटणी सारखी नाही. दूध आपल्याकडे नपुंसकलिंगी, लाकही नपुंसकलिंगी, म्हणून लाक कलिदुम एस्त, दूध गरम आहे, हे जमतं. नाव आणि नोमेन, दोन्ही नपुंसक. पण पाणी नपुंसक आणि अक्वा स्त्रीलिंगी, म्हणून अक्वा फ्रीगिदा एस्त. पुस्तक नपुंसक आणि लिबेर पुल्लिंगी, घर नपुंसक आणि दोमुस स्त्रीलिंगी. नवीन शब्द लिहिताना शेजारी पु, स्त्री, न लिहायचंच, आळस करू नका, नंतर शब्दकोश उघडत बसावं लागतं.

४. कुठे आहे ते सांगा

फोनवरचं निम्मं बोलणं ह्यातच जातं, म्हणून हे लवकर शिका.

उबी एस्त क्लाविस? किल्ली कुठेय?
इन मेन्साऽ एस्त. टेबलावर आहे.
इन कुलीनाऽ सुम. स्वयंपाकघरात आहे.
इन वियाऽ सुमुस. रस्त्यात आहोत.

इन म्हणजे मध्ये किंवा वर, आणि पुढचं नाम आ ने संपत असेल तर त्याचा शेवट लांब होतो, तोच तो ऽ. मेन्सा म्हणजे टेबल, मेन्साऽ हे 'टेबलावर' म्हणताना इनपुढे येणारं रूप. लिहिताना दोन्ही सारखे दिसतात, म्हणून बोलताना लांबवलं नाहीत तर तुमच्याच कानाला फरक कळणार नाही.

घर आणि शहरांना मात्र इन लागत नाही. दोमी म्हणजे घरी. रोमै सुम, रोमला आहे. अथेनीस सुम, अथेन्सला आहे. पण देशाला लागतं, इन इतलियाऽ सुम. आपणही बघा ना, 'मी पुण्याला असते' म्हणतो पण 'महाराष्ट्राला असते' म्हणत नाही, तिथे महाराष्ट्रातच लागतं. गावांची विभक्ती वेगळी असणं आपल्याला नवीन नाही.

आणि ऑफिसला ओफ्फिकियुम म्हणू नका, दिसायला तोच शब्द वाटतो पण त्याचा अर्थ कर्तव्य.

५. 'मला आहे' हे वाक्य, सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

इंग्रजीतून शिकताना पहिल्याच धड्यात हबेओ येतं, म्हणजे जवळ बाळगणे, आणि मग प्रत्येक मला-माझ्याकडेच्या जागी आपण हबेओ कोंबतो. हबेओ चूक नाही, रोमन लोकही वापरायचे. पण लॅटिनमध्ये एक दुसरी रचना आहे आणि ती शब्दशः आपली आहे. मिही म्हणजे मला.

मिही फ्रातेर एस्त. मला भाऊ आहे.
मिही दुओ फ्रात्रेस सुन्त. मला दोन भाऊ आहेत.
मिही दुऐ सोरोरेस सुन्त. मला दोन बहिणी आहेत.
मिही तेम्पुस नोन एस्त. मला वेळ नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटून बसले होते थोडा वेळ. 'मला वेळ नाही' हे दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस आपल्यासारखंच म्हणू शकत होता, वेळ ही गोष्ट तो हातात धरून ठेवत नव्हता, ती त्याला असायची किंवा नसायची! इंग्रजी बोलणाऱ्याला ही रचना समजावून सांगावी लागते, त्यासाठी पुस्तकात वेगळी चौकट असते. आपल्याला फक्त मलाच्या जागी मिही ठेवायचंय. तुला तिबी, आम्हाला नोबीस, तुम्हाला वोबीस.

लक्षात ठेवायचं की आहे, आहेत हे ज्या गोष्टी आहेत त्यांच्यावरून ठरतं, मिहीवरून नाही. दोन भाऊ, म्हणून सुन्त. आपणही आहेतच म्हणतो. इंग्रजी डोक्यात असली की इथे सुम लिहिलं जातं, मिही सुम, आणि वाक्य कोसळतं.

मराठीत आपण मला भाऊ आहे, माझ्याकडे पुस्तक आहे, मला घर आहे असे बारीक भेद करतो, लॅटिनमध्ये तिन्हीला मिही पुरतं. मिही लिबेर एस्त, माझ्याकडे पुस्तक आहे. पण लिबेर मेउस एस्त म्हटलं की अर्थ बदलला, 'पुस्तक माझं आहे', तू घेऊ नकोस. हा फरक बोलताना फार उपयोगी पडतो.

ह्याच घरातली आणखी काही, रोज लागणारी:

मिही ओपुस एस्त अक्वाऽ. मला पाण्याची गरज आहे. (ऽ विसरू नका, इथे नुसतं अक्वा चालत नाही)
क्विद तिबी एस्त? तुला काय झालंय?
बेने मिही एस्त. मला बरं आहे, माझं छान चाललंय.

बेनेवरून एक सांगते. रोमन लोक पत्राच्या सुरुवातीला 'सी वलेस, बेने एस्त, एगो वलेओ' लिहायचे, तू खुशाल असशील तर उत्तम, मी खुशाल आहे, आणि हे इतकं ठरलेलं होतं की नुसती सहा आद्याक्षरं लिहूनही चालायचं. आपल्या पत्रांतलं 'इकडे सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे' आठवतंय ना, तसंच. कसा आहेस ला उत्तर देताना बोनुस सुम म्हणायचा मोह होतो, पण त्याचा अर्थ 'मी सज्जन आहे' असा होईल. वलेओ म्हणा नाहीतर बेने मिही एस्त.

६. प्रश्न विचारा, आणि हो शोधत बसू नका

आपला 'का' वाक्याच्या शेवटी येतो, लॅटिनचा 'ने' पहिल्या शब्दाला चिकटतो. एस्ने दोमी? आहेस का घरी? एस्तने अक्वा कलिदा? पाणी गरम आहे का?

उत्तरात हो साठी ठरलेला एक शब्द नाही. क्रियापदच परत म्हणायचं. एस्ने दोमी? सुम. आपणही करतो की, 'आहेस का घरी?' 'आहे.' नसेल तर नोन सुम. इता एस्त म्हणजे 'तसंच आहे', हेही हो सारखं चालतं.

आणखी दोन छोटे शब्द शिकलात तर बोलणं एकदम माणसासारखं वाटतं. नोन्ने फेस्सुस एस? दमलास ना? इथे समोरचा हो म्हणेल असं धरलंय. नुम ऐगेर एस? आजारी नाहीस ना? इथे नाही हे उत्तर हवंय.

७. काल आणि उद्या

उद्याचं सोपं: एरो, एरिस, एरित, एरिमुस, एरितिस, एरुन्त. असेन, असशील, असेल. क्रास दोमी एरो, उद्या घरी असेन. शेवटच्या रूपात चुकून एरिन्त लिहिलं जातं, ते एरुन्त आहे.

कालचं दोन प्रकारचं, आणि इथे मराठी थोडी कमी पडते. एरम, एरास, एरत, एरामुस, एरातिस, एरन्त हा एक संच आणि फुई, फुइस्ती, फुइत, फुइमुस, फुइस्तिस, फुएरुन्त हा दुसरा. दोन्हीचं मराठी 'होते'. मी अशी युक्ती केली की वाक्यात 'तेव्हा' घालून बघायचं. 'तू फोन केलास तेव्हा मी स्वयंपाकघरात होते', इन कुलीनाऽ एरम. आणि 'होऊन गेलं' बसत असेल तर फुई. रोमन वक्ता सिसेरो इ.स.पू. ६३ मध्ये कॉन्सल होता, ते झालं, संपलं, म्हणून कोन्सुल फुइत. रोमै फुई म्हणजे मी रोमला राहून आलेय. शंका आली तर रोजच्या गप्पांत एरम वापरा, बहुतेक वेळा निभावतं.

नाही, नव्हते, नसेन, नसते असली वेगळी रूपं लॅटिनमध्ये नाहीत, सगळीकडे आधी नोन लावा. आहे आणि असते हाही भेद नाही, वेस्पेरी सेम्पेर दोमी सुम, संध्याकाळी मी कायम घरीच असते.

८. जिथे सुम घालायचंच नाही

मराठी माणसाच्या खऱ्या चुका इथे होतात, कारण आपण प्रत्येक वाक्याच्या शेपटीला आहे लावतो.

मी जाते आहे, जातेय. लॅटिनमध्ये नुसतं एओ. मी बसलेय, सेदेओ. मी वाचतेय, लेगो. ह्यात सुम घातलं की चूक. जाते, जातेय, जात आहे, सगळ्याला एकच शब्द.

भूक लागलीय, एसुरिओ. तहान लागलीय, सितिओ. थंडी वाजतेय, अल्गेओ. मिही प्रेमात पडायला लावतं हे खरं, पण इथे मिहीही नको आणि एस्तही नको.

आणि हे नीट वाचा. अमाता सुम म्हणजे 'माझ्यावर प्रेम केलं जातं' असं वाटतं, पण ते झालेल्या गोष्टीबद्दल आहे, 'प्रेम केलं गेलं'. आत्ताचं सांगायला अमोर हे वेगळं रूप आहे. यानुआ क्लौसा एस्त म्हणजे दार लावलंय. लावलंय हा आपला शब्द इथे अगदी चपखल बसतो, कारण त्यात लावण्याचं काम आधी होऊन गेलेलं आहे.

कधीकधी एस्त गाळलंही जातं. 'हा माझा भाऊ' म्हणताना आपण आहे म्हणतो का? चर्चमधलं दोमिनुस वोबीस्कुम, प्रभू तुमच्याबरोबर, ह्यातही क्रियापद नाहीच. पण सुरुवातीचे काही महिने तुम्ही गाळू नका, सवय लागू दे.

९. सुमची भावंडं

अद्सुम, हजर आहे. अब्सुम, दूर आहे, गैरहजर आहे. रूपं तीच, फक्त आधी अद किंवा अब जोडायचं.

पोस्सुम, शकते. पोस्सुम, पोतेस, पोतेस्त, पोस्सुमुस, पोतेस्तिस, पोस्सुन्त. पुढे स आला तर पोस, ए आला तर पोत, एवढंच सूत्र. आणि इथे आपला 'मला' हा शब्द घात करतो. 'मला यायला जमणार नाही' म्हणून मी मिही नोन पोस्सुम असं लिहिलं होतं. इथे मी हाच कर्ता आहे, म्हणून वेनीरे नोन पोस्सुम, मिही काढून टाका.

१०. सराव कसा करायचा

वाक्यं पुस्तकातली घेऊ नका, स्वतःच्या दिवसातली घ्या. माझी पहिल्या महिन्यातली वही अशी होती: सकाळी क्वोता होरा एस्त (किती वाजले), चहाचं दूध तापलं की लाक कलिदुम एस्त, घरातून निघताना उबी सुन्त क्लावेस (किल्ल्या कुठे आहेत), दुपारी कुणी काय झालं विचारलं तर निहिल एस्त (काही नाही), जेवताना कुणी आणखी भात वाढायला लागलं की सतिस एस्त (पुरे). रोज पाच पुरेत, पण मोठ्याने. रात्री त्यातली तीन रेकॉर्ड करायची आणि दुसऱ्या दिवशी ऐकताना दोनच गोष्टी तपासायच्या, ऽ लांबला का आणि विशेषणाचं लिंग बरोबर आलं का. आठवड्यातून एकदा तीच पाच वाक्यं एरम घालून काल केली आणि एरो घालून उद्या केली की वेगळा तक्ता घोकावा लागत नाही.

घरात कुणाला तरी सामील करून घ्या. माझ्या भाचीला लॅटिनचं काही देणंघेणं नव्हतं, पण मी रोज दार उघडताना एस्ने दोमी विचारायचे आणि आठवड्याभरात ती आतून ओरडायला लागली, सुम!